वेशीपलीकडची वाढ: छोटं शहर आणि त्याची उपनगरं

आधी दोन आकडे. २०१० ते २०२० या दहा वर्षांत एका गावाची लोकसंख्या ७३.६ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात ते गाव ज्या शहराचं उपनगर आहे त्या शहराची वाढ झाली ५.३ टक्के. यावर बातमीचा मथळा काय येईल ते सांगायला नको: उपनगराची घोडदौड, शहर रखडलं.

आता टक्के बाजूला ठेवून डोकी मोजू. गाव म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं वॉकी. २०१० च्या जनगणनेत तिथे १३,७९० माणसं होती, २०२० ला २३,९४०. भर पडली १०,१५० जणांची. शहर म्हणजे त्याच्या पूर्वेचं डे मॉइन, राज्याची राजधानी (इंग्रजी स्पेलिंगमधले दोन्ही 'एस' मुके). ते २,०३,४३३ वरून २,१४,१३३ वर गेलं. भर पडली १०,७०० जणांची. म्हणजे महिन्याला सरासरी काढली तर वॉकीत साधारण ८५ माणसं वाढत होती आणि डे मॉइनमध्ये ८९. घोडदौड करणाऱ्या उपनगरापेक्षा रखडलेल्या शहरानेच साडेपाचशे माणसं जास्त मिळवली.

७३.६ हा आकडा खोटा नाही. वॉकीतल्या शाळांचे वर्ग, पाण्याच्या टाक्या, गटारं यांच्यावर दहा वर्षांत काय ताण आला असेल, ते हाच आकडा सांगतो. मूळ १४ हजार लोकांसाठी बांधलेल्या गावात आणखी दहा हजार आले तर सगळंच तोकडं पडणार. पण माणसं कुठे जाऊन राहताहेत, या प्रश्नासाठी तो आकडा कुचकामी आहे. लहान आकड्यावर काढलेले टक्के फुगून दिसतात, एवढंच.

अमेरिकेचं जनगणना खातं दरवर्षी शहरांच्या वाढीचे अंदाज जाहीर करतं. त्यात टक्क्यांनुसार पुढे असलेल्यांची यादी वेगळी असते आणि डोक्यांनुसार पुढे असलेल्यांची वेगळी. जुलै २०२२ ते जुलै २०२३ या वर्षात पहिल्या यादीत अव्वल होतं टेक्ससमधलं सेलिना, २६.६ टक्के वाढ. ते डॅलसच्या उत्तरेचं उपनगर. दुसऱ्या यादीत अव्वल होतं सॅन अँटोनियो. तिथे सुमारे २२ हजार माणसं वाढली, पण टक्केवारी दीडच्या आसपास. दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवून वाचणारी बातमी मला क्वचितच दिसते.

रेघ कुणी मारली?

शहर आणि उपनगर यांची तुलना करताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: दोघांच्या मधली रेघ काही तरी खरं सांगते. प्रत्यक्षात ती रेघ बहुतेक वेळा इतिहासाने, राजकारणाने किंवा पाण्याच्या पाइपाने मारलेली असते. रस्त्याच्या या बाजूचं घर शहरात, समोरचं उपनगरात. दोन्ही घरांतली माणसं एकाच दवाखान्यात जातात, एकाच बाजारात खरेदी करतात. जनगणनेच्या तक्त्यात मात्र त्यांच्या ओळी वेगळ्या.

ही रेघ किती खेळ करते ते बघायला दोन मोठ्या शहरांचं उदाहरण घेतो, कारण तिथे ते ठळक दिसतं. दोन्ही ओहायो राज्यातली. १९५० मध्ये क्लीव्हलँड होतं ९,१४,८०८ चं आणि कोलंबस ३,७५,९०१ चं. २०२० ला क्लीव्हलँड ३,७२,६२४ वर उतरलेलं आणि कोलंबस ९,०५,७४८ वर चढलेलं. दोघांनी जागांची अदलाबदल केली म्हणा ना. यामागे उद्योगधंद्यांचा फरक आहेच. क्लीव्हलँडला कारखान्यांच्या घसरणीचा मार बसला, कोलंबसला राज्याची राजधानी आणि मोठं विद्यापीठ यांचा आधार होता. पण आणखी एक कारण आहे. १९५० च्या दशकात कोलंबसच्या महापौरांनी, जॅक सेन्सेनब्रेनर यांनी, एक साधं धोरण धरलं: शहराचं पाणी आणि मलनिस्सारण हवं असेल तर शहराच्या हद्दीत या. बाहेर नवी वसाहत उभी राहायची, तिला पाणी लागायचं, आणि ती शहरात यायची. एरवी जी वाढ 'उपनगराची' म्हणून नोंदली गेली असती ती कोलंबसच्या खात्यावर जमा होत गेली. क्लीव्हलँडच्या भोवती मात्र स्वतंत्र नगरपालिकांचं कडं आधीच तयार झालेलं होतं. त्याला पसरायला जागाच उरली नव्हती.

न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीचे माजी महापौर डेव्हिड रस्क यांनी यासाठी एक चांगली कल्पना मांडली. काही शहरं रबरासारखी ताणली जातात, काही ताणली जात नाहीत. ताणली जाणारी शहरं आपली उपनगरं पोटात घेतात. न ताणली जाणारी उपनगरांच्या वेढ्यात अडकतात. सेंट लुईस हे दुसऱ्या प्रकारातलं टोकाचं उदाहरण. १८७६ मध्ये हे शहर आपल्या काउंटीपासून (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) स्वतःहून वेगळं झालं. ग्रामीण भागाचा खर्च आपण का उचलायचा, असा विचार होता. हद्द तेव्हा जी ठरली ती आजही तीच. १९५० मध्ये त्या हद्दीत ८,५६,७९६ लोक राहत होते, २०२० ला ३,०१,५७८. उरलेलं सगळं रेघेपलीकडे.

याच्या उलट इंडियानापोलिस. १९६० मध्ये सुमारे पावणेपाच लाख, १९७० मध्ये जवळजवळ साडेसात लाख. दहा वर्षांत तिथे कुणी अडीच-पावणेतीन लाख माणसांसाठी घरकुलं बांधली नव्हती. १९७० च्या सुरुवातीला शहर आणि त्याची काउंटी यांचा कारभार एक केला गेला, आणि एका रात्रीत उपनगरी माणसं शहरी झाली. कुणी सामान हलवलं नाही.

जर्मनीतल्या लाइपझिगचा आलेख मी प्रथम पाहिला तेव्हा छापण्यात चूक आहे असंच वाटलं होतं. १९८९ ला साधारण ५ लाख ३० हजार, १९९८ ला ४ लाख ३७ हजार, आणि लगेच पुढच्या वर्षी ४ लाख ९० हजारांच्या घरात. हे कसं? जर्मनीच्या एकीकरणानंतर काहीजण रोजगारासाठी पश्चिमेकडे गेले आणि बरेचजण शहराबाहेरच्या नव्या घरांमध्ये. तिकडे मोठ्या शहराभोवतीच्या या सुखवस्तू कड्याला 'श्पेकगुर्टल' म्हणतात, म्हणजे चरबीचा पट्टा. १९९९ मध्ये या पट्ट्यातली बरीच गावं शहरात सामील केली गेली आणि आकडा उडी मारून वर आला. गंमत म्हणजे त्यानंतर लाइपझिग खरोखरच वाढू लागलं आणि आज सहा लाखांच्या वर आहे. म्हणजे एकाच आलेखात आधी खरी घट, मग कागदी वाढ, मग खरी वाढ. तिन्ही एकाच रंगाच्या रेषेने काढलेल्या.

म्हणून कुठल्याही शहराचा दशकी आकडा हातात आला की पहिला प्रश्न हद्दवाढीचा विचारावा. दहा वर्षांपूर्वीचं शहर आणि आजचं शहर यांचा नकाशा एकच आहे का? नसेल तर जुन्या आकड्यातही आजच्या हद्दीतली गावं मिळवून मग तुलना करायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

भारतात हीच गोष्ट जरा वेगळ्या रूपात भेटते. आपल्या जनगणनेत कारभाराने शहर नसलेली वस्तीही शहर धरली जाते, जर तिथे किमान ५,००० लोक असतील, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकांची घनता असेल आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असतील. २००१ मध्ये अशी १,३६२ 'जनगणना शहरं' होती, २०११ मध्ये ३,८९४. यातली पुष्कळशी कुठल्या ना कुठल्या शहराच्या कडेला आहेत. तिथे इमारती शहराच्या, व्यवसाय शहराचे, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. अशा ठिकाणी उपनगराची वाढ 'शहराची वाढ' म्हणून मोजायची की 'गावाचं शहर झालं' म्हणून, हे तक्ता बनवणाऱ्याच्या हातात असतं.

या गोंधळावर उतारा म्हणून २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने एक सामाईक पद्धत मान्य केली. नगरपालिकेची हद्द विसरायची, जमिनीवर एक-एक चौरस किलोमीटरचे चौकोन आखायचे आणि प्रत्येकात किती माणसं राहतात ते बघायचं. सलग चौकोनांत घनता १,५०० च्या वर आणि एकूण लोकसंख्या किमान ५० हजार असेल तर ते शहर. त्याखाली ३०० ची घनता आणि ५ हजारांची वस्ती असेल तर तो मधला, निमशहरी पट्टा. या पद्धतीत महापौर कोण, कर कुठे भरता, याला काही अर्थ नाही. म्हणूनच ती दोन देशांतली शहरं एका मापाने मोजायला उपयोगी आहे, आणि म्हणूनच स्थानिक राजकारण्यांना तिच्यात फारसा रस नसतो.

एका घराचा हिशेब

रेघेचा खेळ वजा केला तरी काही तरी उरतंच. उपनगरं खरोखर वाढतात, आणि पुष्कळ छोटी शहरं खरोखर आक्रसतात. ते कसं घडतं हे समजायला एका घराजवळ जाऊन बघू.

शहराच्या मध्यावर दोन खोल्यांचं भाड्याचं घर. त्यात एक जोडपं राहतं, दोघं तिशीतले. मूल होणार म्हणून ते मोठं घर शोधतात. ते परवडतं वेशीबाहेर. दोघं जातात. शहराच्या खात्यात वजा दोन, उपनगराच्या खात्यात अधिक दोन. इथवर सगळ्यांना कळतं. पुढच्या वर्षी मूल होतं. ते उपनगरात जन्मलं, म्हणून उपनगराच्या खात्यात आणखी एक, आणि तेही स्थलांतराच्या रकान्यात न लिहिता 'नैसर्गिक वाढी'च्या रकान्यात. तिकडे शहरातलं जुनं घर काही रिकामं राहत नाही. तिथे कॉलेजात शिकणारी एक मुलगी येते, दुसऱ्या गावाहून. शहराच्या खात्यात अधिक एक.

आता बेरीज करा. शहर: उणे एक. उपनगर: अधिक तीन. शहरातलं घर भरलेलं आहे, भाडं कदाचित वाढलेलंसुद्धा आहे, तरी तक्ता म्हणतो शहर घटलं. आणि उपनगराच्या तक्त्यात जन्मदर जास्त दिसतो, जणू तिथल्या हवेत काही आहे. हवेत काही नाही. मुलं होण्याच्या वयाची माणसं तिथे गेली आणि जन्म सोबत घेऊन गेली. लोकसंख्याशास्त्रात वाढीचे तीन झरे मानतात: जन्म वजा मृत्यू, येणारे वजा जाणारे, आणि हद्दीतला बदल. पुस्तकात हे तिघे वेगवेगळ्या ओळींवर असतात. प्रत्यक्षात पहिला झरा बराचसा दुसऱ्यातूनच फुटतो.

या हिशेबात घरटी माणसांचा आकडा फार महत्त्वाचा आहे, आणि चर्चेत तो जवळजवळ कधीच येत नाही. अमेरिकेत १९५० मध्ये एका घरात सरासरी सुमारे ३.४ माणसं राहत, २०२० मध्ये सुमारे २.५. समजा एका शहरात २०,००० घरं आहेत आणि सगळी भरलेली. ३.४ च्या हिशेबाने ६८,००० लोक. २.५ च्या हिशेबाने ५०,०००. एकही घर पाडलं नाही, एकाही घराला कुलूप लागलं नाही, आणि १८,००० माणसं गेली. लोकसंख्या नुसती होती तिथे टिकवायची तर २७,२०० घरं लागतील, म्हणजे ७,२०० नवी. चहूबाजूंनी दुसऱ्या नगरपालिकांनी वेढलेलं जुनं शहर ती कुठे बांधणार?

डे मॉइनकडे परत जाऊ. १९६० मध्ये तिथे २,०८,९८२ लोक होते, १९८० पर्यंत १,९१,००३ उरले. त्यानंतर दर दशकात थोडीथोडी वाढ, पण १९६० चा आकडा ओलांडायला २०२० उजाडलं. साठ वर्षं शहर जागच्या जागी होतं असं म्हणता येईल. या साठ वर्षांत तिथला विमा व्यवसाय भरभराटीला आला, भोवतालचा प्रदेश वाढत वाढत सात लाखांच्या घरात गेला. एका छोट्या शहराला आणखी काय हवं? तक्त्यात मात्र ते कित्येक दशकं '१९६० पेक्षा लहान झालेलं शहर' म्हणूनच वावरलं.

छोट्या शहरात अंतर म्हणजे काहीच नाही

महानगरांबद्दल लिहिलेले सिद्धांत छोट्या शहरांना सरसकट लावले जातात. इथे माझी तक्रार आहे.

इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये एक निरीक्षण लिहिलं: माणसं रोजच्या जाण्यायेण्यात सरासरी तासभर घालवतात, मग ती पायी चालत असोत की गाडीने. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, अंतर वाढतं. हे अगदी तंतोतंत घेऊ नका, पण अंदाजाला चांगलं आहे. आता हा तास दोन ठिकाणी लावून बघा. महानगरात उपनगर गाठायला हा तास केव्हाच संपतो. म्हणून तिथे मध्यवस्तीत राहण्याला किंमत असते. लोक लहान जागेत राहतात आणि वेळ विकत घेतात. छोट्या शहरात मध्यापासून वेशीपर्यंत दहा मिनिटं आणि वेशीपलीकडच्या नव्या वसाहतीपर्यंत पंधरा. त्या पाच मिनिटांत घर मोठं होतं, अंगण मिळतं, जमीन स्वस्त होते. शहरात राहून वाचवायला वेळच नाही.

त्यामुळे महानगरात शहर की उपनगर ही निवड वेळ आणि जागा यांच्यातली असते. छोट्या शहरात ती बहुतेक वेळा कर, शाळा आणि घराचं वय यांच्यातली असते. आणि या तिन्ही गोष्टी रेघ ओलांडली की बदलतात. शाळेची हद्द, कराचा दर, बांधकामाचे नियम, सगळं नगरपालिकेगणिक वेगळं. अंतराची धार बोथट असते म्हणूनच रेघेची धार इतकी लागते.

कोरोनाकाळात याची एक उलटी चाचणी झाली. घरून काम सुरू झाल्यावर मोठ्या शहरांच्या मध्यातून लोक बाहेरच्या कड्यात सरकले. स्टॅनफर्डच्या अर्जुन रमणी आणि निकोलस ब्लूम यांनी याला डोनट इफेक्ट म्हटलं, मध्ये भोक आणि भोवती कडं. हा परिणाम सर्वांत मोठ्या महानगरांत ठळक दिसला, लहान शहरांत फारसा नाही. वरचं गणित लक्षात घेतलं तर यात नवल नाही. ज्यांना बाहेर जायचं होतं ते छोट्या शहरांतून केव्हाच बाहेर गेले होते. त्यांना घरून काम करण्याच्या परवानगीची गरज पडली नव्हती.

जगातले सगळे शहरवासी महानगरांत राहतात असा आपला समज असतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालानुसार शहरी माणसांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं पाच लाखांहून लहान वस्त्यांमध्ये राहतात. तेव्हा छोट्या शहराचं गणित वेगळं मांडणं ही हौस नाही.

कड फुगते, एकूण आकडा तोच

आतापर्यंतच्या बहुतेक उदाहरणांत प्रदेश एकूण वाढत होता आणि प्रश्न वाटणीचा होता. पण प्रदेशच वाढत नसेल तर?

ओहायोमधलं यंग्सटाउन पोलादाचं गाव. १९५० मध्ये १,६८,३३० लोक. १९ सप्टेंबर १९७७ ला तिथल्या एका मोठ्या पोलाद कंपनीने आपला कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. तो सोमवार तिथे आजही 'काळा सोमवार' म्हणून ओळखला जातो. पुढे एकामागोमाग एक भट्ट्या विझल्या. २०२० ला शहरात उरले ६०,०६८. पण घसरण १९७७ च्या आधीच सुरू झाली होती. शहर रिकामं होत असताना भोवतीच्या वस्त्यांत नवी घरं उभी राहत होती. प्रदेशात नवी माणसं येत नव्हती, होती तीच सरकत होती. अशा ठिकाणी उपनगराची वाढ हे भरभराटीचं लक्षण नसतं. तेवढ्याच माणसांना आता जास्त रस्ते, जास्त पाइप, जास्त शाळा लागतात.

आणि जुने पाइप कुठे जात नाहीत. पावणेदोन लाखांसाठी टाकलेली जलवाहिनी साठ हजारांच्या पाणीपट्टीतून दुरुस्त करायची असते. रस्त्यावर पाच घरांपैकी दोनच उरली तरी दिवे सगळे लावावे लागतात, बर्फ सगळा काढावा लागतो. पाइप ५ सेंटीमीटरही आखूड होत नाही. २००५ मध्ये यंग्सटाउनने एक आराखडा मंजूर केला आणि त्यात सरळ मान्य केलं की आपण आता लहान शहर आहोत आणि तसंच नियोजन करू. पडकी घरं काढायची, काही भाग मोकळा सोडायचा. एखाद्या नगरपालिकेने असं लेखी देणं किती अवघड असेल याची कल्पना करा. वाढ हा शब्द नसलेला विकास आराखडा मी तरी फार पाहिलेले नाहीत.

जपानने दुसरी वाट धरली. तिथे देशाचीच लोकसंख्या घटते आहे, त्यामुळे शहर आणि उपनगर दोघंही कमी होतात, फक्त वेग वेगळा. मार्च १९९९ मध्ये तिथे ३,२३२ नगरपालिका होत्या. विलीनीकरणाच्या मोहिमेनंतर मार्च २०१० पर्यंत १,७२७ उरल्या. तोयामा शहराने २००५ मध्ये भोवतालची सहा गावं सामावून घेतली आणि ते सव्वातीन लाखांवरून सव्वाचार लाखांच्या जवळ गेलं. कागदावर हे मोठं शहर. पण आता त्याच्या हद्दीत जवळपास तीन हजार मीटर उंचीची शिखरंही येतात. त्या हद्दीची सरासरी घनता काढून 'तोयामा विरळ आहे' म्हणणं म्हणजे डोंगराला घरपट्टी आकारणं. विलीनीकरणाचा एक फायदा मात्र झाला. शहर आणि त्याची कड एकाच महापौराखाली आल्यामुळे लोकांना ट्रामच्या मार्गालगत आणि मध्याकडे आणण्याचं धोरण सलग राबवता आलं. २००६ मध्ये तिथे जुन्या रेल्वेमार्गाचं रूपांतर करून नवी ट्राम सुरू झाली. रेघ मध्ये असती तर ट्राम कुठवर न्यायची, पैसे कुणी द्यायचे, यावरच काही वर्षं गेली असती.

तिसराही एक प्रकार आहे. न्यूयॉर्क राज्यातलं युटिका १९६० मध्ये लाखभर वस्तीचं होतं, २००० पर्यंत साठ हजारांवर आलं. मग २०१० ला ६२,२३५ आणि २०२० ला ६५,२८३. कारखाने परत आले नव्हते. १९९० च्या दशकापासून तिथे बोस्नियातले आणि पुढे म्यानमारसारख्या देशांतले निर्वासित येऊन वसले. शहरात उरलेली स्वस्त, जुनी, रिकामी घरं हेच त्याचं भांडवल ठरलं. देशातली माणसं बाहेरच्या कड्याकडे जात असतात तेव्हा देशाबाहेरून आलेली आत भरतात. उपनगराकडे बघून शहराची घसरण मोजणाऱ्यांना हा प्रवाह दिसत नाही, कारण तो उलट दिशेने येतो.

उपनगरालाही वय असतं

उपनगराच्या वाढीचा आलेख इंग्रजी 'एस'सारखा वळतो. सुरुवातीला संथ, मग रस्ता किंवा जलवाहिनी आली की सरळ वर, आणि जमीन संपली की सपाट. सपाट झाल्यानंतर काय होतं, ते बघायला क्लीव्हलँडच्या दक्षिणेचं पार्मा घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर हे उपनगर झपाट्याने भरलं. १९७० मध्ये तिथे १,००,२१६ लोक होते. त्यावेळी क्लीव्हलँड रिकामं होतंय आणि पार्मा फुलतंय, असंच सगळे म्हणत असणार. २०२० ला पार्मात ८१,१४६ लोक होते. कारखाना बंद पडल्यावर एखादं गाव ओस पडतं, तसं तिथे काही झालं नाही. तिथे आधी झाली ती वयाची गोष्ट. जी जोडपी तरुणपणी एकाच दशकात राहायला आली, त्यांची मुलंही एकाच दशकात मोठी होऊन बाहेर पडली. चार माणसांच्या घरात दोन उरली, पुढे एक. जुन्या शहरात हीच गोष्ट घडते, पण तिथे सगळ्या वयाची माणसं मिसळलेली असल्यामुळे ती हळूहळू घडते. एकाच वेळी भरलेलं उपनगर एकाच वेळी म्हातारं होतं.

वॉकी १९९० मध्ये अवघं २,५१२ वस्तीचं होतं, २००० मध्ये ५,१२६ चं. पुढचे आकडे वर आलेच आहेत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या शाळा-मंडळाने आपलं दुसरं हायस्कूल उघडलं, कारण पहिल्यात मुलं मावेनाशी झाली होती. त्या वर्षी वॉकीत पहिलीत बसलेली मुलं २०३३ मध्ये हायस्कूल संपवून बाहेर पडतील. काही कॉलेजसाठी दूर जातील, काही डे मॉइनमध्ये दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतील. वॉकीतल्या त्यांच्या घरात तेव्हा किती खोल्या रिकाम्या असतील ते २०४० च्या जनगणनेत कळेल. शहराने तोवर हद्दवाढ केली नसेल, तर.